आकाशातले अंतर आणि जमिनीवरचा वेळ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आजचा माझा विषय त्या मानाने अगदी साधा आहे. तो चौथीच्या अंकगणिताचा आहे असे म्हटले तरी चालेल. मुंबईहून न्यू यॉर्क किती लांब आहे, आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, एवढेच ना, असे आपल्याला वाटेल. परंतु हा भागाकार मांडायला बसले की एकेक आकडा हातातून निसटू लागतो, आणि शेवटी जे उत्तर येते ते न्यू यॉर्कपेक्षा ढाणकीविषयीच अधिक बोलते. म्हणून हा विषय मी इथे आणला आहे.

आज आपल्या तालुक्यांतली मुले-मुली पुण्या-मुंबईपलीकडे, समुद्रापलीकडे शिकायला आणि कामाला जातात. मागे राहिलेल्या आईला शेजारीण विचारते, "किती लांब गं?" आई काय सांगणार? किलोमीटर सांगितले तर ते डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. तास सांगितले तर कोणाचे तास, विमानातले की घरापासून घरापर्यंतचे? तेव्हा आधी हे तिन्ही धागे सुटे करू.

पहिला धागा अंतराचा. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यू यॉर्कपर्यंत पट्टी ठेवली तर ती अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून, अटलांटिक ओलांडून जाते. विमानही याच वाटेने जात असणार, असा आपला समज. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. सध्या टरबुजांचे दिवस आहेत. घरी गेल्यावर एक चांगले गोल टरबूज घ्या. त्याच्या मध्यावरून फिरणारी विषुववृत्ताची रेघ मनाशी धरा. त्या रेघेच्या थोडे वर, डाव्या-उजव्या बाजूंना दोन ठिपके काढा आणि दोऱ्याचे एक टोक एका ठिपक्यावर, दुसरे दुसऱ्यावर धरून दोरा ताणा. दोरा आडवा राहत नाही. तो आपोआप वर, देठाकडे सरकतो. ताणलेल्या दोऱ्याला दुसरी वाट ठाऊकच नसते, कारण तीच सर्वांत जवळची.

मुंबई आणि न्यू यॉर्क यांच्यामध्ये असा दोरा ताणला तर तो सुमारे १२,५०० किलोमीटर भरतो. मुंबईहून निघताना त्याचे तोंड पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच अधिक असते. मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया असा वर चढत तो जवळजवळ उत्तर ध्रुववृत्ताशी जातो आणि मग ग्रीनलंडच्या बाजूने अमेरिकेत उतरतो. उलट, होकायंत्राची दिशा एकच ठेवून, सपाट नकाशावरच्या सरळ रेघेने कोणी गेला, तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे नकाशावर जी वाट सरळ दिसते ती १,७०० किलोमीटरांनी लांबची, आणि जी वाकडी दिसते ती जवळची. मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतरदेखील या फरकाहून कमी आहे!

अंतर ठरले. आता वेग पाहू. आजचे मोठे प्रवासी विमान हवेतून तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. "हवेतून" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हवा स्वतः स्थिर नसते. पैनगंगेला पाणी असताना जो पोहला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. हात तेच, दम तोच, पण प्रवाहाबरोबर काठ झरझर मागे जातो आणि प्रवाहाविरुद्ध समोरचे झाड जागचे हलत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या अशाच नद्या वाहतात. त्यांचा वेग तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे. कधी तो तीनशेवरही जातो. पूर्वेकडे येणाऱ्याला तो वारा ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतो. म्हणूनच मुंबईहून न्यू यॉर्कला न थांबता जाणारे विमान सुमारे सोळा तास घेते आणि तीच वाट परतताना सुमारे चौदा तासांत संपते.

या वाऱ्याचे एक नवलाचे उदाहरण सांगतो. एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात दिल्लीहून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सुरू केले. ते प्रथम पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई, आणि ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांबची. आणि वेळ? सुमारे दोन तासांनी कमी! वारा पाठीशी होता. लांबची वाट लवकरची ठरली. म्हातारी माणसे म्हणतात, सरळ जाण्यापेक्षा सोईने जावे. तेच इथे विमानाने केले.

वारा निसर्गाचा. पण आकाशात माणसाने घातलेली कुंपणेही आहेत. दोन शेजाऱ्यांचे बांधावरून भांडण झाले की शेतातली पायवाट बंद होते आणि सगळ्या गावाला वळसा पडतो. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि काहींना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते आकाश पुन्हा बंद झाले. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशियाने युरोप-अमेरिकेच्या विमानांना आपल्यावरून जाण्यास मनाई केली. दोन शहरे जागची हलली नाहीत, पण त्यांच्यातला वेळ वाढला. टरबुजावरचा दोरा पृथ्वीने आखलेला असतो. त्यावरून जाऊ द्यायचे की नाही, हे राजधान्यांमध्ये ठरते.

तिसरा धागा घड्याळाचा. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि ढाणकी सुमारे ७८ अंशांवर आहे. म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य येतो तो घड्याळातल्या बारानंतर साधारण अठरा मिनिटांनी. ही आपल्या अंगणातली गोष्ट झाली. न्यू यॉर्क तर हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते. समजा, विमान मुंबईहून पहाटे दोनला निघाले आणि सोळा तास उडाले. न्यू यॉर्कच्या घड्याळात तेव्हा त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतील. कागदावर पाहाल तर प्रवास साडेपाच तासांचा! परत येताना तिथून दुपारी बाराला निघून चौदा तास उडाल तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. कागदावर साडेचोवीस तास! तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते. त्यांची वजाबाकी करून "पोरगा पाच तासांत पोहोचला" असे जे आजोबा सांगतात त्यांना हसू नका. वजाबाकी बरोबर असते. दोन घड्याळे वेगळी असतात.

आता थोडा इतिहास पाहू, कारण वेळ कमी झाला तो कशामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला आगबोटीने पूर्वीपेक्षा लवकर जाता येऊ लागले. १९२९ च्या मार्चअखेर लंडन ते कराची ही विमानसेवा सुरू झाली, ती सात दिवसांची. आणि त्या विमानप्रवासातही स्वित्झर्लंडमधील बाझलपासून इटलीतील जिनोआपर्यंत प्रवाशांना चक्क आगगाडीने जावे लागे!

पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून पुस मॉथ या लहानशा विमानाने निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी मुंबईच्या जुहूला उतरले. भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ त्या दिवसापासून मानतात. त्या प्रवासातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. अहमदाबादला विमानात जे इंधन भरले, ते डब्यांतून, बैलगाडीने आणलेले होते. देशातले सर्वांत वेगवान वाहन जमिनीवर उभे, आणि वाट कोणाची पाहते आहे, तर बैलगाडीची! श्रोतेहो, हे चित्र लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या बोलण्याचे सार त्यात आहे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे "मलबार प्रिन्सेस" हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १४ मे १९६० रोजी जेट विमानाने न्यू यॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. आणि आता आश्चर्याची गोष्ट ऐका. १९६० चे ते बोइंग ७०७ विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाई. आजची विमानेही तेवढीच जातात. साठ-पासष्ट वर्षांत वेग जवळपास वाढलेलाच नाही. मधे काँकॉर्ड नावाचे ध्वनीपेक्षा वेगवान विमान आले. १९७६ ते २००३ पर्यंत त्याने प्रवासी नेले, लंडन ते न्यू यॉर्क साडेतीन तासांत नेले, पण खर्च झेपेना आणि ते बंद पडले. मग १९६० नंतर वेळ वाचला तो कोठे? तो वाचला थांब्यांमध्ये. इंजिने कमी इंधन खाऊ लागली, टाक्यांत पुरेसे इंधन मावू लागले, आणि वाटेत उतरायचे कारण उरले नाही.

वेग न वाढवता वेळ वाचवता येतो, याचे सुंदर उदाहरण आपल्या विदर्भातच घडलेले आहे. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. संध्याकाळनंतर मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून चार विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या तळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि चारही विमाने पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळे. सुरुवातीची विमाने डाकोटा जातीची, तासाला जेमतेम तीनशे किलोमीटर जाणारी. आजच्या मानाने ती रांगणारीच म्हणायची. परंतु चार शहरांपासून नागपूर सातशे ते हजार किलोमीटरांच्या टप्प्यात येते, हे कोणीतरी नकाशावर पाहिले, वेळापत्रक जुळवले, आणि रात्रीच्या झोपेचे तास टपालाच्या कामी लावले. १९७३ पर्यंत ही योजना चालली. तिथे वेळ वाचवला तो जुळणीने. एक विमान उशिरा आले तर बाकीची तीन त्याच्यासाठी खोळंबत, आणि म्हणूनच प्रत्येकाने वेळेवर येणे हे चौघांच्याही हिताचे होते.

आता ढाणकीकडे येऊ. आपल्या गावापासून मुंबई सरळ रेषेत किती असेल? साडेपाचशे किलोमीटरांच्या आतच. विमानाच्या वेगाने हे अंतर पाऊण तासाचेही नाही. नागपूर तर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे पंधरा मिनिटे! पण आपण विमानाच्या वेगाने निघत नाही. आपण उमरखेडच्या रस्त्याने निघतो, किंवा पैनगंगा ओलांडून हिमायतनगरचे स्टेशन गाठतो, गाडीत रात्र काढतो. घरातून निघाल्यापासून मुंबईच्या विमानतळावर पाय ठेवीपर्यंत चौदा-पंधरा तास जातात. तिथे तपासणीसाठी तीन तास आधी हजर राहायचे. मग विमानातले सोळा तास. हिशेब समोर आहे. पहिल्या साडेपाचशे किलोमीटरांना जितका वेळ, जवळजवळ तितकाच पुढच्या साडेबारा हजारांना!

शंभर वर्षांपूर्वी हे प्रमाण असे नव्हते. विलायतेच्या आगबोटीत दोन आठवडे जात, तेव्हा मुंबई गाठायला दोन दिवस लागले काय आणि तीन लागले काय, कोणी मोजत नसे. आकाशातला वेळ घटत गेला तसतसा जमिनीवरचा वेळ डोळ्यांत खुपू लागला. अहमदाबादची ती बैलगाडी आजही आहे. ती फक्त विमानतळावरून निघून आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर आली आहे.

हे नुसते गणिताचे कौतुक नव्हे. यात माणसांची मने गुंतलेली आहेत. एक प्रसंग कल्पनेने उभा करू. हिवाळ्यातला सोमवार, सकाळचे सहा वाजलेले. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे काही खरे नाही असे दिसते आणि न्यू यॉर्कला मुलाला फोन जातो. तिथे रविवार संध्याकाळचे साडेसात झालेले आहेत. त्याला त्याच मध्यरात्रीच्या थेट विमानाचे तिकीट मिळाले, असे धरू. हे भाग्यच म्हणायचे. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले सोमवारचे सकाळचे साडेदहा. चौदा तासांनी तो मुंबईत उतरतो, तेव्हा सोमवारची रात्र संपून साडेबारा वाजलेले आहेत. सामान, तपासणी, यात दोन तास. मग लगेच मोटार मिळाली आणि रात्रभर चालली, तरी ढाणकीला यायला मंगळवारची दुपार टळणार. फोनपासून साधारण चौतीस-पस्तीस तास! थेट विमान न मिळाले, आखातात किंवा युरोपात बदलावे लागले, तर आणखी सहा-आठ तास सहज वाढतात.

अशा वेळी अंगणात बसलेली चार माणसे काय बोलतात, हे आपल्याला ठाऊक आहे. "इतका शिकला, विमानाने फिरतो, पण वेळेवर आला नाही." श्रोतेहो, माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की, असे बोलण्यापूर्वी हा हिशेब आठवावा. तो फोन ठेवताक्षणी निघाला असेल. वाऱ्याने साथ दिली असेल, थेट विमान मिळाले असेल, आणि तरीही तो पस्तीस तासांच्या आत येऊच शकत नाही. त्याच्या मायेत काही कमी नसते. थांबायचे की न थांबता पुढचे करायचे, हे घरच्यांनी ठरवावे. तो त्यांचा अधिकार आहे. पण ते ठरवताना आकडा खरा असावा, आणि न पोहोचलेल्याच्या माथी आयुष्यभराचा बोल लावू नये. म्हणून ज्या घरचे कोणी परदेशी आहे त्या घराने सुखाच्या दिवसांतच एकत्र बसून हे बोलून ठेवावे. फोन केव्हा करायचा, कोणासाठी थांबायचे, पारपत्र आणि परतीच्या परवान्याचे कागद मुदतीत आहेत की नाहीत, हे विचारून ठेवण्यात अशुभ काही नाही. शेवटच्या भेटीची गाठ पडायची असेल तर थोडे लवकर कळवावे. एका दिवसाचा संकोच पुढे फार महाग पडतो.

आणि दुसरी गोष्ट गावाने मिळून करायची आहे. विमानाचा वेग वाढवणे आपल्या हाती नाही. आकाशातली कुंपणे काढणे आपल्या हाती नाही. वारा तर कोणाच्याच हाती नाही. पण घरापासून स्टेशनापर्यंतचा वेळ हा रस्त्याचा, पुलाचा, एस.टी.च्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा हक्क आपला आहे. वर्ध्याहून यवतमाळ, दिग्रस, पुसद, उमरखेडवरून नांदेडला जाणारा सुमारे २८४ किलोमीटरांचा रेल्वेमार्ग आखलेला आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. उमरखेडपर्यंत रूळ येतील तेव्हा आपले न्यू यॉर्कदेखील काही तासांनी जवळ येईल, हे आजच्या हिशेबावरून आपल्या ध्यानात आलेच असेल. पण रूळ येऊन भागणार नाही. गाडी उमरखेडला रात्री दोनला आली आणि ढाणकीची पहिली एस.टी. सकाळी असली, तर वाचलेले तास स्टेशनच्या बाकावर जातील. नागपूरच्या त्या चार विमानांसारखी इथेही जुळणी हवी. आगगाडी, एस.टी. आणि दवाखाना यांची वेळापत्रके एकमेकांकडे पाहून आखली गेली पाहिजेत, आणि ती तशी आखा असे लेखी मागितले पाहिजे. ही मागणी परदेशी गेलेल्यांच्या चैनीसाठी नाही. ज्या रस्त्याने तो मुलगा रात्री घरी येतो, त्याच रस्त्याने बाळंतीण दवाखान्यात जाते, आणि त्याच रस्त्याने आपली हळद नि कापूस बाजारात जातो.

तेव्हा, "किती लांब गं?" या प्रश्नाला त्या आईने उत्तर काय द्यावे? मला वाटते, तिने सरळ सांगावे, "साडेबारा हजार किलोमीटर समुद्रापलीकडे, आणि दीड दिवस घरापासून." दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला पृथ्वीने ठरवलेला आहे, तो बदलणार नाही. दुसरा माणसांनी ठरवलेला आहे, म्हणून तो कमी करता येईल.